सर्वेक्षणाच्या ओढीत तळाचा मासा अचानक कमी झाला, तर आधी काय तपासावे

लक्षणे

मुंबईसमोरच्या समुद्रात तळाच्या माशांचे ट्रॉल सर्वेक्षण (जहाजामागून तळावर जाळे ओढून केलेली मोजणी) करणाऱ्या प्रत्येकाला हा बिघाड कधी ना कधी भेटतो. मागच्या वर्षी याच महिन्यात, याच स्थानकावर, तेवढ्याच वेळाच्या ओढीत ढोमा, राणी मासा, लेप आणि शिंगाळा मिळून चार-पाच पाट्या भरल्या होत्या. या वेळी सलग तीन ओढींत मिळून एक पाटी भरत नाही. कधी एकूण वजन ठीक असते, पण लेप, पाकट, खेकडे ही तळाला चिकटून राहणारी मंडळी जवळजवळ दिसतच नाहीत. कधी उलट होते: जाळे चिखल आणि शिंपल्यांनी फुगून वर येते, वायर गुंडाळणारी विंच कण्हत असते आणि मासा मात्र मूठभर निघतो. कधी लागोपाठच्या दोन ओढींत दहापट फरक पडतो. सर्वांत फसवे लक्षण म्हणजे मोठा मासा नेहमीएवढा मिळतो, पण बारीक पिल्ले एकदम नाहीशी होतात.

या प्रत्येक लक्षणाचा अर्थ ‘समुद्रात मासा कमी झाला’ असा असू शकतो. मात्र मी ज्या मोहिमांवर गेलो, त्यांत असे घडले तेव्हा बहुतेक वेळा दोष जाळ्यात, ते ओढणाऱ्या वायरीत, वेगात किंवा आमच्याच तक्त्यात निघाला. ससून डॉकवर उतरणारा मासा भाव, डिझेल आणि तांडेलाच्या, म्हणजे नौका चालवणाऱ्या प्रमुखाच्या, अनुभवावर अवलंबून असतो, कारण तांडेल मासा असेल तिथेच जातो. सर्वेक्षण मात्र ठरलेल्या स्थानकावर, ठरलेल्या जाळ्याने, ठरलेला वेळ ओढते आणि मिळेल ते मोजते. जाळे दर वर्षी सारखेच वागले, या एका गृहीतावर सगळे आकडे उभे असतात. म्हणून तपासाची सुरुवात समुद्रापासून न करता जाळ्यापासून करावी, आणि त्यातही ज्याला पैसे लागत नाहीत अशा गोष्टीपासून करावी.

पाटी मोजण्याआधी ओढीचा निकाल लावा

ओढ वैध की अवैध, हे मासा डेकवर ओतण्यापूर्वी ठरवून तक्त्यावर लिहा. जाळे फाटले, त्याचे तोंड ताणून धरणारे बोर्ड एकमेकांवर चढले, जाळे तळाला अडकले, ओढ ठरलेल्या वेळेच्या अर्ध्यावरच तोडावी लागली, अशी कारणे आधीच लेखी ठरवलेली असावीत. नंतर ठरवायला बसलो की मन चलाखी करते. कमी मासा आलेल्या ओढीत आपण दोष शोधतो आणि तो सापडतोही, कारण शोधल्यावर कुठल्याही जाळ्यात एखादा दोष सापडतोच. भरघोस ओढीकडे मात्र कोणी संशयाने पाहत नाही. अशा रीतीने कमी ओढी गळत गेल्या की सरासरी आपोआप वर सरकते आणि खरी घट आली तरी ती आपल्याला काही वर्षे दिसत नाही. म्हणून पुढे दिलेल्या तपासण्या चांगल्या ओढींनाही लावाव्यात. नव्या सहकाऱ्यांना हे पटवायला मला सर्वांत जास्त वेळ लागतो.

पहिली तपासणी तक्त्याची

खर्च एका चहाचा. मागच्या वर्षीचे आणि या वर्षीचे तक्ते शेजारी ठेवून खोली, सोडलेली वायर, वेग, सुरुवातीची व शेवटची वेळ आणि दिशा या नोंदी ओळीने ताडून पाहा.

आपल्या किनाऱ्यावरचा नेहमीचा घोटाळा एककांचा आहे. जुने खलाशी खोली वावात सांगतात आणि एक वाव म्हणजे साधारण १.८३ मीटर. ब्रिजवरून कोणी ‘पंचवीस’ म्हणाला आणि खाली लिहिणाऱ्याने २५ मीटर लिहिले, तर प्रत्यक्षात खोली जवळजवळ ४६ मीटर असते. नंतर ही ओढ भलत्याच खोलीच्या गटात जाऊन पडते आणि त्या गटाची सरासरी बिघडवते. ध्वनीने खोली मोजणाऱ्या एको साउंडरचेही असेच आहे. काही यंत्रे खोली जहाजाच्या तळापासून दाखवतात, काहींत पाण्याच्या पृष्ठभागापासूनची खोली मिळावी म्हणून जहाजाचा डुबाव आधीच मिळवलेला असतो. यंत्राची दुरुस्ती झाल्यावर हे सेटिंग बदललेले असू शकते. उथळ पाण्यात तीन मीटरचा फरकही नगण्य नसतो.

वेळेची नोंद कोणत्या क्षणी सुरू झाली, हेही विचारा. विंचचे ब्रेक लावले तो क्षण की जाळे पाण्यात टाकले तो क्षण? अर्ध्या तासाच्या ओढीत सहा मिनिटांची गफलत म्हणजे वीस टक्के चूक झाली. तक्त्यावर सगळ्या वेळा पाचाच्या पटीत दिसल्या, तर त्या घड्याळाकडे पाहून लिहिलेल्या नाहीत असे मी खुशाल समजतो.

दुसरी तपासणी काट्याची आणि पाटीची

दहा किलोचे प्रमाणित वजन बंदरातच काट्याला टांगून पाहा आणि जहाज डोलत असताना पुन्हा पाहा. रिकाम्या पाटीचे वजन ओली असताना घ्या, कारण ती दिवसभर ओलीच राहणार असते.

माझ्या मते वजनापेक्षा मोठी चूक नमुना काढताना होते. बारा पाट्या मासा आला, त्यांतल्या दोन निवडून मोजल्या आणि आकडे सहाने गुणले, हे ठीक आहे. पण पाट्या भरण्यापूर्वीच कोणी मोठा घोळ, वाम आणि पाकट बाजूला काढून ठेवले असतील, तर ते मासे स्वतंत्र मोजायचे असतात, सहाने गुणायचे नसतात. दुपारच्या कालवणासाठी बाजूला ठेवलेले माकूल आणि कोळंबी तर तक्त्यावर कधीच येत नाहीत. जहाजावर जेवण चांगले असावे याबद्दल माझे दुमत नाही. फक्त ते आधी काट्यावरून गेले पाहिजे.

नावांचाही प्रश्न इथेच सोडवा. ‘ढोमा’ या एका नावाखाली निरनिराळ्या जाती येतात आणि त्यांची वाढ, अंडी घालण्याचा काळ व राहण्याची खोली वेगवेगळी असते. एका मोहिमेत ओळखणारा बदलला आणि एक जात ‘घटली’, तर दुसरी तेवढीच ‘वाढली’ आहे का ते पाहावे. वाढली असेल, तर मासा हललेला नाही, फक्त नाव हलले आहे. शंका असलेले नमुने अंदाजाने कुठल्या तरी रकान्यात टाकू नयेत. चिठ्ठी लावून बर्फात ठेवावेत आणि वर्गीकरण जाणणाऱ्या तज्ज्ञाकडे पाठवावेत. वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था असताना मुंबईकरांना त्यासाठी दूर जाण्याची गरज नाही.

तिसरी तपासणी: जाळे स्वतः काय सांगते

या तपासणीलाही पैसे लागत नाहीत, पण नजर लागते, आणि नजर जहाजावर जुन्या झालेल्या माणसांकडे असते. आमच्या एका जहाजावरचे बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे प्रमुख, वर्सोव्याच्या कोळीवाड्यातले होते. जाळे वर येताना आम्ही सगळे खोळ्याकडे, म्हणजे जाळ्याच्या शेवटच्या पिशवीकडे, धावत असू, कारण मासा तिथे असतो. ते मात्र खाली वाकून जाळ्याच्या खालच्या ओठाला लावलेली साखळी हातात घेत आणि अंगठ्याने एकेक कडी फिरवून पाहत. त्यांचे सांगणे ठरलेले असे: ‘‘आधी साखळी बघा साहेब, मग पाटी.’’

साखळी तळावरून घासत आली असेल, तर कड्यांची खालची बाजू घासलेल्या भांड्यासारखी चकाकते. चकाकी जाऊन कड्या काळपट किंवा तांबूस दिसू लागल्या असतील आणि त्यांना बोट लावल्यावर गंज लागत असेल, तर जाळे तळापासून वर तरंगत होते. मधल्या भागात चकाकी आणि दोन्ही पंखांकडे गंज असेल, तर जाळ्याचे पंख उचलले गेले आहेत. फक्त एकाच बाजूला चकाकी असेल, तर जाळे तिरके ओढले गेले आहे आणि त्याचे कारण पुढे वायरींत सापडेल.

हीच पाहणी बोर्डांची करा. बोर्ड म्हणजे जाळ्याचे तोंड दोन बाजूंना ताणून धरणाऱ्या जड फळ्या. पाण्यातून तिरक्या ओढल्या गेल्या की त्या एकमेकींपासून दूर पळू पाहतात आणि त्या ताणामुळे जाळे उघडे राहते. त्यांच्या खालच्या कडेला लोखंडी पट्टी असते. ती पट्टी लांबीभर सारखी घासलेली हवी. फक्त पुढचे टोक घासले असेल, तर बोर्ड नाक खाली करून चालला आहे; फक्त मागचे घासले असेल, तर तो टाचेवर चालला आहे. पट्टीची आतली किंवा बाहेरचीच कड घासलेली असेल, तर बोर्ड कलंडला आहे. अशा बोर्डाचा पसारा कमी होतो आणि जाळ्याचे तोंड मिटत जाते. एकदा डावा बोर्ड सतत टाचेवर येत होता. आम्ही दोन दिवस वेग आणि वायर बदलून पाहिले, आणि शेवटी निघाले ते असे की बंदरात रंग देताना त्याचा शॅकल (जोडणीची लोखंडी कडी) एक भोक पुढे लावला गेला होता. तेव्हापासून दोन्ही बोर्डांच्या भोकांना आम्ही रंगाने क्रमांक दिले आहेत.

आता मासाही वाचता येतो. लेप, पाकट, खेकडे आणि शिंपले गैरहजर, पण मांदेली आणि वाकटी भरपूर, तर जाळे तळाच्या वरून गेले असावे. लेप आणि खेकडे नेहमीएवढे, पण तळापासून थोडे वर राहणारे मासे कमी, तर जाळ्याची उंची घटलेली असावी. त्यासाठी वरच्या दोरीवरचे फ्लोट मोजा, आणि मोजताना हलवूनही पाहा. तडा गेलेल्या फ्लोटमध्ये पाणी शिरते. वरून तो धडधाकट दिसतो आणि तरंगवण्याऐवजी जाळे खाली ओढतो. चिखल आणि शिंपले फार येत असतील, तर खालची साखळी जड झाली आहे किंवा वायर गरजेपेक्षा जास्त सोडली जात आहे. मुंबईसमोरच्या खंडमंचाचा, म्हणजे किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रतळाचा, आतला भाग गाळाचा असल्याने ही तक्रार इथे वारंवार येते. वाळूच्या तळावर नीट चाललेले जाळे गाळावर रुतते.

फ्लोट बदलणे आणि शॅकल जागेवर लावणे ही कामे जहाजावरच होतात. बोर्डाचे ब्रॅकेट वाकले असेल किंवा दोरीच्या लांबीत फेरफार करावासा वाटत असेल, तर मात्र थांबा आणि जाळ्याचा तंत्रज्ञ येईपर्यंत दुसरे, मोजमाप केलेले राखीव जाळे वापरा. सर्वेक्षणाचे जाळे मासा अधिक मिळावा म्हणून ‘सुधारायचे’ नसते. सुधारलेले जाळे मागच्या सगळ्या वर्षांशी नाते तोडते.

चौथी तपासणी खोळ्याची

बारीक पिल्ले नाहीशी झाली असतील, तर सरळ इथे या. व्यापारी ट्रॉलरच्या खोळ्याची भोके मुद्दाम मोठी ठेवायची असतात, म्हणजे पिल्ले निसटून जातात. सर्वेक्षणाला याच्या उलट हवे असते, कारण पुढच्या वर्षी किती मासा मोठा होणार याचा अंदाज त्या पिल्लांवरूनच येतो. म्हणून खोळ्याच्या आत बारीक भोकांचे अस्तर असते. ते उसवले की बाहेरून जाळे धड दिसते आणि पिल्ले शांतपणे निघून जातात. अस्तर उलटून, उजेडासमोर धरून, हाताने चाचपून पाहा. भोकांचे माप पाचरीसारख्या मापपट्टीने, जाळे ओले असताना आणि निदान वीस भोकांचे घ्या, कारण सुकलेल्या जाळ्याचे माप वेगळे येते.

दुसरा शत्रू प्लॅस्टिक. मुंबईच्या समुद्रात खोळ्यातून पिशव्या, गोणपाट आणि तुटक्या जाळ्यांचे तुकडे निघाले नाहीत, अशी ओढ विरळाच. जेलीफिशच्या दिवसांत त्यात आणखी भर पडते. भोके बुजली की पाणी मागून निघत नाही, जाळ्याच्या तोंडाशी साचल्यासारखे होते आणि मासा आत न येता बाजूला वळतो. कचऱ्याचे वजन दर ओढीला वेगळे लिहा. ते फार भरले, तर ओढीच्या वैधतेचा विचार त्या आकड्यावरून करता येतो.

पाचवी तपासणी: वेग, आणि तो कशाच्या तुलनेत

जीपीएस सांगतो तो जमिनीच्या तुलनेतला वेग. जाळ्याला मात्र पाण्याच्या तुलनेतला वेग जाणवतो. मुंबईला उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतला फरक पाच मीटरच्या आसपास जातो आणि एवढे पाणी आत-बाहेर करणारा प्रवाह किनाऱ्याजवळच्या स्थानकांवर जोरदार असतो. समजा तुम्ही जीपीएसवर तीन नॉट राखून ओढता आहात. एक नॉटचा प्रवाह समोरून असेल, तर जाळ्याला चार नॉटचे पाणी लागते. बोर्ड आणि जाळे वर उचलले जाऊ शकतात. तोच प्रवाह मागून असेल, तर जाळ्याला दोनच नॉट मिळतात. बोर्ड पसरत नाहीत, जाळे ढिले पडते आणि ताकदीने पोहणारा मासा पुढून सहज निघून जातो. जीपीएसवरचा आकडा दोन्ही वेळा तोच, ओढी मात्र दोन वेगळ्या जाळ्यांच्या.

उपाय साधा आहे. ओढ सुरू करण्याआधी इंजिन मोकळे सोडून जहाज किती आणि कुठे वाहते ते दहा मिनिटे पाहा. त्यावरून दिशा ठरवा आणि भरतीच्या कोणत्या वेळी ओढले, ते लिहा. आपल्या डोलवाल्यांना (एका जागी बांधलेले डोल जाळे लावणाऱ्यांना) उधाण आणि भांग (भरती-ओहोटीचा जोर कमी असण्याचे दिवस) यांचे गणित तोंडपाठ असते, कारण त्यांचे जाळे प्रवाहावरच चालते. ट्रॉलवाले इंजिनाच्या भरवशावर ते विसरतात. शक्य असेल तर किनाऱ्याजवळची स्थानके भांगाच्या दिवसांत ठेवा. आणि ओढी दिवसाच्या ठरलेल्या वेळीच घ्या, कारण कित्येक मासे दिवसा तळाशी आणि रात्री वर असतात. मागच्या वर्षीच्या दुपारच्या ओढीशी या वर्षीच्या मध्यरात्रीच्या ओढीची तुलना होत नाही.

सहावी तपासणी वायरींची

जाळे तिरके येत असेल, तर दोन वायरींची लांबी सारखी नाही. वायरीवर ठरावीक अंतरावर रंगाच्या किंवा दोराच्या खुणा असतात. वायर परत गुंडाळताना डाव्या आणि उजव्या खुणा कप्पीवर एकाच वेळी येतात का, हे दोघांनी पाहावे. येत नसतील, तर ब्रेक सरकतो आहे किंवा एक वायर जास्त ताणली गेली आहे. आणि खुणाच चुकीच्या असतील, तर? तेव्हा त्या एकाच वेळी येतात आणि तरीही जाळे तिरके असते.

हे काल्पनिक नाही. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर १९६३ पासून चालत आलेल्या तळट्रॉल सर्वेक्षणात २००२ मध्ये असे उघडकीस आले की ‘अल्बाट्रॉस फोर’ या संशोधन जहाजाच्या दोन वायरींवरच्या खुणा एकमेकींशी जुळत नव्हत्या, आणि वायर जितकी जास्त सोडली जाई तितका फरक वाढत जाई. तोवर, २००० पासून, आठ सर्वेक्षणे त्याच वायरींवर झाली होती. मच्छीमारांचा विश्वास डळमळला, प्रकरणाला ‘ट्रॉलगेट’ असे नाव पडले आणि त्या चुकीने आकड्यांवर किती परिणाम झाला हे तपासण्यात शास्त्रज्ञांची बरीच शक्ती गेली. धक्क्यावर वायर पसरून टेपने मोजणे हे एका दिवसाचे काम आहे. मोसमाआधी एकदा आणि वायर कापून नवी जोडली की लगेच, एवढे तरी करावेच.

इथे ठळकपणे थांबण्याची जागा आहे. वायरीच्या तारा तुटून काटे बाहेर आले असतील, विंचचा ब्रेक भाराखाली सरकत असेल, किंवा हायड्रॉलिकमधून तेल गळत असेल, तर तपास तिथेच बंद करा, जाळे शक्य तितक्या सावकाश आत घ्या आणि बंदरात परत या. ते काम विंचच्या तंत्रज्ञाचे आहे. ताणाखालच्या वायरीच्या रेषेत किंवा तिच्या वेढ्यात कोणीही, एका क्षणासाठीही, उभे राहू नये. तुटलेली वायर कशी येते हे पाहायला वेळ मिळत नाही. जाळे तळाला अडकले, तर काय करायचे हा निर्णय कप्तानाचा असतो, शास्त्रज्ञाचा नसतो. अडकलेली वस्तू समुद्राखालची केबल किंवा नळवाहिनी असण्याची शक्यता असेल, तर जोर लावून ओढू नका. जागा नोंदवा आणि संबंधितांना कळवा. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर येणाऱ्या केबल आणि मुंबई हायकडून येणाऱ्या वाहिन्या नकाशावर दाखवलेल्या असतात. तेलविहिरींच्या बांधकामांभोवतीच्या ५०० मीटरच्या सुरक्षा क्षेत्रात तर स्थानक असूच नये.

सातवी तपासणी: जाळ्याचे तोंड खरोखर किती उघडते

इथून पुढे खर्च वाढतो. ओढीतला मासा ‘दर चौरस किलोमीटरला इतके किलो’ अशा रूपात मांडताना जाळ्याने किती क्षेत्र झाडले हे लागते आणि ते अंतर गुणिले तोंडाची रुंदी असे काढतात. रुंदी मोजलेली नसेल, तर वरच्या दोरीच्या लांबीच्या निम्मी धरण्याची जुनी रीत आहे. समजा दोरी ३४ मीटर आणि तीन नॉटने एक तास ओढले, म्हणजे सुमारे ५.५६ किलोमीटर. निम्म्याच्या हिशेबाने रुंदी १७ मीटर, क्षेत्र ०.०९४५ चौरस किलोमीटर. ६० किलो मासा आला असेल, तर दर चौरस किलोमीटरला ६३५ किलो. प्रत्यक्षात तोंड ०.४ पटच उघडले असेल, तर रुंदी १३.६ मीटर आणि उत्तर ७९४ किलो. मासा तोच, पाटी तीच, आणि फरक चौथाईचा. उत्तर केवळ गृहीतामुळे एवढे हलते, हे नव्या मुलांना एकदा हाताने करून पाहायला सांगावे.

बोर्डांवर आणि वरच्या दोरीवर बसवायचे ध्वनी-संवेदक असतील, तर पसारा आणि उंची थेट मिळते. नसतील, तर एक खलाशी युक्ती आहे. जहाजाच्या मागे दोन्ही वायरींमधले अंतर कप्पीपाशी मोजा आणि वायरीवर एक मीटर मागे जाऊन तेथून पुन्हा मोजा. दोन्ही मापे रेलिंगच्या आतून, काठीने, कप्तानाला सांगून घ्या. एका मीटरला अंतर दहा सेंटिमीटर वाढत असेल आणि वायर १५० मीटर सोडली असेल, तर बोर्डांमधले अंतर कप्प्यांमधल्या अंतरापेक्षा सुमारे १५ मीटर जास्त. वायर सरळ रेषेत आहे असे यात धरलेले असते, म्हणून हा आकडा अहवालात घालायचा नाही. काल आणि आज यांत फरक पडला का, एवढे मात्र तो नक्की सांगतो. बोर्डांमधले अंतर आणि जाळ्याच्या पंखांमधले अंतर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही विसरू नये. पंखांमधले अंतर नेहमी कमी असते. संवेदकांचे आकडे विसंगत येत असतील, तर ते उघडून पाहू नका, निर्मात्याच्या तंत्रज्ञाकडे द्या.

आठवी तपासणी: स्थानक तेच आहे का

स्थानकावर डोलींची रांग लागलेली असते, मग जहाज दोन मैल सरकते. पुढच्या वर्षी खडक लागतो, पुन्हा सरकते. दर वेळी कारण रास्त असते, पण सरकणे नेहमी सोप्या, सपाट तळाकडेच होते, आणि काही वर्षांत सर्वेक्षण फक्त सोप्या तळाचे उरते. सगळ्या वर्षांच्या जागा एका नकाशावर टाकून पाहा. जुने ठिपके जिथे आहेत तिथे नवे नसतील, तर तांब आणि गोबरा कमी का झाले याचे उत्तर बहुधा तिथेच मिळेल. महिनाही पाहा. केंद्राने पश्चिम किनाऱ्यासाठी ठरवलेली ट्रॉलिंगबंदी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची आहे. मेअखेरची ओढ आणि बंदीनंतरची ओढ यांची बेरीज-वजाबाकी करू नये.

नववी तपासणी: आता समुद्राकडे वळा

एवढे सगळे ठीक निघाले, तरच. अरबी समुद्रात मध्यम खोलीवर प्राणवायू फार कमी असलेला पाण्याचा जाड थर असतो आणि पावसाळ्याच्या सुमारास व त्यानंतर तसे पाणी खंडमंचावर वर चढते. मुंबईसमोर हे घडते आणि त्याचा मासेमारीशी संबंध आहे, हे १९५९ मध्येच शास्त्रीय नियतकालिकात मांडले गेले होते. असे पाणी तळावर आले की तळाचे मासे मरतातच असे नाही, ते बहुतेकदा सरकतात: किनाऱ्याकडे, उथळ पाण्यात किंवा तळापासून वर. मग खोल स्थानकावर शून्य आणि उथळ स्थानकावर अचानक ढीग, असे चित्र दिसते. सरासरीत ते दिसणार नाही, खोलीनुसार आकडे मांडले तर लगेच दिसेल.

त्यासाठी प्रत्येक स्थानकावर सीटीडी (पाण्याची मोजमापे घेणारे उपकरण) उतरवून तळापर्यंतचे तापमान, क्षारता आणि प्राणवायू घ्यावा. प्राणवायूचे संवेदक लवकर भरकटतात, म्हणून दिवसातून एकदा तरी तळाच्या पाण्याचा नमुना बाटलीत घेऊन विंकलर पद्धतीने, म्हणजे रासायनिक चाचणीने, ताडून पाहा. लिटरला दोन मिलिग्रॅमच्या खाली आकडा गेला असेल, तर ती ओढ अवैध ठरवू नका. ती पूर्णपणे वैध ओढ आहे. मासा तिथे नव्हता, हेच तिने सांगितले आहे. फक्त प्राणवायूचा आकडा तिच्याबरोबर कायम राहील अशी व्यवस्था करा.

जिथे माझ्यासारख्याने थांबायचे

दोन गोष्टी जहाजावर सुटत नाहीत. पहिली जहाज किंवा जाळे बदलल्याची. नवे जहाज, नवे इंजिन, नवे बोर्ड आले की जुने आणि नवे आकडे सरळ जोडता येत नाहीत. दोन्ही जहाजांनी एकाच जागी, एकाच वेळी, शेजारी शेजारी ओढून गुणक काढावा लागतो. ‘अल्बाट्रॉस फोर’च्या जागी ‘हेन्री बी. बिगेलो’ आणताना २००८ मध्ये अशा शेकडो जोडओढी घेतल्या गेल्या. आपल्याकडे भारतीय मात्स्यिकी सर्वेक्षणाची परंपरा १९४६ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या खोल समुद्र मासेमारी केंद्रापासूनची आहे, आणि इतक्या दशकांत जहाजे आणि जाळी बदलणारच. जुन्या आकड्यांशी तुलना करण्याआधी ते आकडे कोणत्या जहाजाच्या, कोणत्या जाळ्याच्या ओढीचे होते, हे विचारणे म्हणूनच महत्त्वाचे.

दुसरी गोष्ट एखाद्या विलक्षण ओढीची. घोळ थव्याने फिरतो. चाळीस ओढींत एकही न मिळता एकाच ओढीत त्याचा थवा सापडू शकतो आणि त्या एका ओढीने वर्षाची सरासरी बदलते. ती ओढ गाळावी, ठेवावी, की शून्यांचा आणि मोठ्या आकड्यांचा वेगवेगळा हिशेब करणारे प्रारूप वापरावे, हा प्रश्न सर्वेक्षण-सांख्यिकी जाणणाऱ्याचा आहे. त्याच्याकडे जाताना स्वच्छ केलेली फाइल नेऊ नका. मूळ तक्ते, अवैध ओढींसकट, आणि प्रत्येक ओढीच्या साखळीचे व बोर्डांच्या पट्टीचे फोटो न्या. आमच्या तक्त्यावर आता ‘साखळी’ नावाचा एक रकाना आहे आणि तो ‘एकूण वजन’ या रकान्याच्या आधी छापलेला आहे.